देवीमास्तर आणि दारावरचे आकडे

तारीख ९ बहमन, गुरुवार, सकाळचे दहा. जागा : आमच्या कसब्याच्या बल्दियाची, म्हणजे नगरपालिकेची, पुढची खोली. हजर : तहसिलीतले पेशकार वेंकटराव, अध्यक्ष. कापडाचे व्यापारी बसण्णा शेट, उमेदवार. वकील मुनीरसाहेब, उमेदवार. शिवलिंगप्पा, म्हणजे मी, बल्दियाचा कारकून. यादीचे काम माझ्याकडे. गैरहजर : सरकारी वॅक्सिनेटर दस्तगीरसाहेब. 'उशिरा आले' हा शेरा मी मागाहून घातला.

बहमन हा निजाम सरकारच्या कागदांवरचा महिना. बाहेर मार्गशीर्ष होता आणि कल्याणीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी तूर शेंगांनी भरली होती. भारताची फौज यायला अजून पावणेदोन वर्षे होती. तोवर बल्दियावरचे सगळे मेंबर सरकारच नेमत असे. आता पहिल्यांदाच एक जागा मतांनी भरायची ठरली होती. ज्याच्या नावावर घर, दुकान किंवा हातात कसब, त्याला मत. अशा माणसांची यादी करायची, आणि ती कशी करायची, एवढाच त्या दिवशीचा विषय.

दस्तगीरसाहेब आले ते सलाम नाही, नमस्कार नाही, सरळ रांगेने प्रत्येकाचा डावा दंड बाहीवरूनच चाचपत गेले. ते कुणालाही भेटले की आधी दंड धरीत. देवीची लस टोचल्याचे वण बोटांना लागले की मग तोंडाकडे बघत. बसण्णा शेटना म्हणाले, "तुमचं पक्कं हाय, मीच टोचलोय." मुनीरवकिलांना तेच सांगितले. पेशकारांच्या दंडापाशी मात्र थांबले. "साहेब, हैद्राबादला टोचून घेतलंय वाटतं. वरवरचं हाय. उद्या या." पेशकारांनी घाईने शेरवानी नीट केली. वकील आणि शेट एकमेकांकडे बघून हसले. ते दोघे एका खोलीत बसून हसलेले मला शेवटचे आठवते ते त्या दिवशीचे, म्हणून लिहून ठेवतो.

लोक त्यांना देवीमास्तर म्हणत. उमर पन्नाशीची, अंगाने काटकुळे, डोक्यावर रंग उडालेली रुमी टोपी, खांद्याला पत्र्याची पेटी. पेटीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लशीच्या नळ्या. त्यांची मराठी आमच्यासारखीच होती. पलीकडच्या दारात ते कानडी बोलत, घरी दखनी, आणि औरादकडे गेले की रागवायचे तेवढे तेलुगूत. तीस वर्षे ते बिदर जिल्ह्याच्या या टोकाला पायी फिरले. त्यांच्या वहीत नाव, बापाचे नाव, गाव, टोचल्याची तारीख आणि आठव्या दिवशीचा एकच शब्द असे : उठली, किंवा नाही उठली. "माझ्या वहीत मानसं दोनच जातीची," ते म्हणत, "उठलेली आन् न उठलेली. न उठलेल्याच्या घरी परत जायाचं."

आणि ते जात. मी स्वतः वह्या नीट ठेवणारा माणूस आहे, म्हणून दुसऱ्याच्या वहीतली खाडाखोड मला चटकन दिसते. मास्तरांच्या वहीत ती नव्हती. एका पोराचा दंड बघायला ते चार कोस जाऊन चार कोस परत येत. बघितल्याशिवाय लिहीत नसत. एकदा ज्वारीच्या मोसमात पायाला गळू झाले होते, तेव्हा मी सहज म्हटले की उठली असेलच, लिहून टाका. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की पुन्हा मी तसे म्हटले नाही. "न बघता लिवलं," ते म्हणाले, "तर ते एक दिवस कुणाच्या तरी तोंडावर निघतंय."

मुडबीची गोष्ट ते स्वतः सांगत नसत, पण मुडबीचे लोक सांगत. पहिल्या वर्षी ते गावात शिरले तेव्हा बायांनी पोरे कणग्यांत लपवली. मास्तर एका म्हातारीच्या ओट्यावर बसले. कुणाला हाक मारली नाही. नळी फोडली, सुई काढली आणि स्वतःच्याच दंडाला टोचून घेऊ लागले. एकदा, दोनदा, तीनदा. म्हातारीला राहवेना. तिने विचारले, कामून सोताला टोचून घ्यायलाव. मास्तर म्हणाले, "काय करू अक्का, नळी फोडलो. फोडल्यावर लस टिकत न्हाई. वाया जायलीय, म्हटलं माझ्याच हाताला घालावी." सरकारची वस्तू, तीही चांगली, आणि डोळ्यांदेखत वाया चाललेली. म्हातारीने कणगीत हात घालून नातू ओढून काढला. संध्याकाळपर्यंत चाळीस पोरे झाली. मास्तरांचा डावा दंड मी पुढे पाहिला. नांगरलेल्या वावरासारखा होता.

यादीसाठी बल्दियाने त्यांना उसने घेतले ते याच कारणाने. कसब्यात कुठले दार कुणाचे, आत किती चुली, कोण मेले आणि कोण मुंबईच्या गिरणीत गेले, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत नव्हते. महिनाभर आम्ही दोघे गल्लीगल्लीने फिरलो. ते सांगत, मी लिहीत असे. सहा रकाने होते : नाव, बापाचे नाव, वय, धंदा, धर्म, घराचा नंबर. पाचव्या रकान्यापाशी मास्तर पुढच्या दाराकडे निघत.

"हे मी कदी इचारलो न्हाई," ते म्हणाले. "टोचताना दंड बघतो."

मी म्हटले, नमुन्यात छापलेले आहे, भरावे लागेल. मग तो रकाना मी नावावरून भरू लागलो. बहुतेक ठिकाणी ते सोपे होते. पिंजारगल्लीत चांदबीच्या घरी अडले. ही कापूस पिंजणाऱ्यांची गल्ली, मास्तरांचे घरही तिथेच. चांदबीच्या उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिलेले आणि कोनाड्यात पिराची हिरवी चादर. मी तिच्या सासूला विचारले, तुम्ही कोण लिहू. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. म्हणाली, "आमी पिंजारी. आनखी काय असतंय?" मास्तर खाली मान घालून हसत राहिले. मी 'मुसलमान' लिहिले आणि पुढच्या दारात गेलो.

आता माझ्या चुकीबद्दल. ती मी हुशारी म्हणून केली होती.

बसण्णा शेट एका सकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले की यादी मोठी आहे, आपली घरे कोणती हे एका नजरेत कळले तर फिरायला बरे पडेल. त्याच आठवड्यात मुनीरवकिलांनी बोलावून जवळजवळ त्याच शब्दांत तेच सांगितले. मला दोघांचीही सोय करायची होती. मी यादीचे दोन भाग केले. हिंदू घरांना एकपासून नंबर दिले, मुसलमान घरांना पाचशे एकपासून. डांबराचा डबा घेऊन प्रत्येक चौकटीवर तो आकडा उर्दूत मोठा काढला. मग चार स्वच्छ प्रती केल्या : एक तहसिलीला, एक शेटना, एक वकिलांना, एक माझ्याकडे. पेशकारांनी पाठ थोपटली. दोन्ही उमेदवारांनी मान्यता दिली. त्या दोघांचे एकमत झालेली ती अखेरची गोष्ट.

मास्तर बैठकीत उभे राहिले. "अप्पा, पाचशे चाळीसच्या भिताडाला लागून अडतीस कसा आला?"

मी सांगितले की दोन वेगळे क्रम आहेत, त्याने काम सोपे जाते.

"कुनाचं काम?"

मी म्हटले, मते मोजणाऱ्यांचे.

"साथ आली की मीबी घरं मोजतो," ते म्हणाले. "कुनाच्या घरात लागलीय ते वहीत ऱ्हातंय. गावाला सांगत न्हाई. सांगितलं की त्या घराचं पानी बंद होतंय. तू तर दारावरच लिवायलास."

मुनीरवकील म्हणाले, मास्तर, ही मतांची यादी आहे, पटकीची नाही. पेशकार हसले. मीही हसलो असेन. कामकाजाच्या वहीत मी एक ओळ लिहिली : दस्तगीरसाहेबांची हरकत, नामंजूर. ती ओळ अजून आहे. अक्षर चांगले आहे.

त्यानंतरचे दोन महिने मला आजही बेचैन करतात, कारण त्यात काहीच अचानक झाले नाही. बसण्णा शेट आणि मुनीरवकील वाईट माणसे नव्हती. वर्षानुवर्षे एका पानाच्या डब्यातून पान खाल्लेली. शेटच्या जमिनीचे दावे वकिलांनी चालवले, वकिलांच्या लेकीच्या लग्नाचे कापड शेटकडून गेले. पण मत मागायचे म्हणजे काय बोलायचे हे दोघांनाही ठाऊक नव्हते. सुरुवातीला टाकीचे पाणी, खड्डे, दिवाबत्ती असे बोलून पाहिले. लोक ऐकत आणि उठून जात. मग शेटच्या माणसांनी एक ते पाचशेच्या दारांत सांगायला सुरुवात केली की वकील आला तर बसवण्णा देवाची पालखी मशिदीपुढून जाऊ देणार नाही. तेव्हा लोक उठून गेले नाहीत. वकिलांच्या माणसांनी पाचशे एकच्या पुढच्या दारांत सांगितले की शेट आला तर ऐन नमाजाच्या वेळी हलगी वाजेल. तिथेही लोक बसून राहिले. दोन्ही खोटे होते. पालखी आणि नमाज यांच्या वेळा दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी कधीच्या वाटून घेतल्या होत्या. पण कोणत्या दारात कोणते खोटे सांगायचे हे आता आकड्यावरून कळत होते.

मास्तर तेव्हाही टोचत फिरत होते. एका दुपारी माझ्या टेबलाशी पाणी पीत म्हणाले, "टोचलं की चवथ्या दिवशी ताप येतो, आठव्याला उतरतो. ह्यो ताप उतरायला न्हाई, अप्पा. दोघांलाबी तो उतरायला नको हाय. उतरला तर मतं जातील की." मी म्हटले, निवडणूक झाली की उतरेल. त्यांनी पेला उपडा घातला आणि माझा दंड चाचपून पेटी उचलली.

शेट थोड्या मतांनी निवडून आले. त्याच संध्याकाळी वकिलांच्या ओसरीवर दगड पडले. दुसऱ्या दिवशी शेटच्या एका गिऱ्हाइकाला बाजारात मारले. मग दोन बाजार झाले. लोक आपापल्यांकडूनच मीठमिरची घेऊ लागले. मुनीरवकील गुलबर्ग्याला सभांना जाऊ लागले आणि परत येताना त्यांच्याबरोबर खाकी कपड्यातली, काठ्या-बंदुका घेतलेली माणसे येऊ लागली. यादी वकिलांनी त्यांना दिली असे मी म्हणत नाही. यादी त्यांच्या कपाटात होती, आणि ते कपाट कुणासाठी बंद नव्हते.

पुढच्या वर्षीच्या वैशाखात खाकीवाले लॉरीतून आले. कसब्यात त्यांना ओळखणारे कुणी नव्हते आणि ते कुणाला ओळखत नव्हते. तशी गरजही नव्हती. भर दुपारी त्यांनी बसण्णा शेटचे दुकान पेटवले आणि धाकट्या भावाला दारातच मारले. शेट उरलेल्या माणसांना घेऊन सोलापूरकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या तेलगल्लीची पाळी आहे हे वकिलांच्या मुन्शीने मास्तरांना सांगितले. मास्तर सकाळीच माझ्या दारात आले. हातात त्यांची वही, बगलेत कडुलिंबाचा भारा.

"लिव," ते म्हणाले. "तेलगल्ली. एकतीस घरं. देवी आल्यात."

मला आधी कळलेच नाही. मग कळले. मी म्हटले, मास्तर, हे खोटे आहे.

"व्हय. तीस वर्सं न बघता एक अक्षर लिवलो न्हाई. तुजं अक्षर बरं हाय, म्हनून तू लिव. सही मी करतो."

मी एकतीस नावे लिहिली. आमच्याकडे घरात देवी आल्या की दाराला लिंबाचे डहाळे बांधतात आणि परका माणूस उंबरा ओलांडत नाही. हिंदूच्या घरी नाही, मुसलमानाच्याही नाही. तासाभरात एकतीस दारांना लिंब लागला. पोरांना गोधड्यांखाली निजवले. खाकीवाले गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा त्यांच्या म्होरक्याच्या हातात एक कागद होता. मी माझे अक्षर वीस हातांवरून ओळखले.

मास्तर पेटी उघडून पुढे झाले. त्या माणसाला त्यांनी वही दाखवली आणि अगदी सरकारी आवाजात विचारले की तुमच्यातल्या कुणाकुणाचे टोचून झाले आहे, बाह्या वर करा. तो मागे सरकला. त्याने दारांवरचा लिंब पाहिला, वहीवरचा शिक्का पाहिला, नाकाला रुमाल लावला. लॉरी आल्या वाटेने परत गेली.

मास्तर माझ्या पायरीवर बसले. मी तांब्या आणून दिला. पाणी पिऊन झाल्यावर ते उठले आणि पहिल्या घरापासून खरोखरच टोचायला सुरुवात केली. एकतीसच्या एकतीस घरे, म्हातारेकोतारेसुद्धा. मलाही. "खोटं लिवलोय," ते म्हणाले, "निदान लस तरी खरी असू दे." आठव्या दिवशी येऊन त्यांनी सगळ्यांचे दंड पाहिले.

भाद्रपदात फौज आली. खाकीवाले दोन दिवसांत नाहीसे झाले. मुनीरवकील एका सकाळी घरच्यांना घेऊन गेले. कुठे, ते आजवर कुणी मला खात्रीने सांगितलेले नाही. बसण्णा शेट परत आले. त्यांच्याबरोबर सरहद्दीपलीकडच्या छावण्यांतून पोरे आली, आणि आसपासच्या गावांतली काही त्यांना मिळाली. सगळ्यांचे काही ना काही जळालेले होते. शेटच्या घरी मी गेलो आणि म्हटले, शेटजी, तुमच्याकडची यादीची प्रत परत द्या.

"पोरांनी नेलीया," ते म्हणाले. "बघायला मागितली, दिलो."

मी म्हटले, ती कशाला बघायची आहे ते तुम्हाला माहीत आहे.

"माझ्या भावाला मारलं तवा त्यांच्या हातात कुनाची यादी हुती, अप्पा? तवा तुमी कुनाकडं परत मागाया गेला हुता?"

त्यांचे डोळे कोरडे होते. मी तिथून निघालो आणि मला सुचले ते केले. माझ्यासारख्या माणसाला एकदा जमलेली गोष्टच पुन्हा सुचते. बाजाराच्या दिवशी सकाळी मी तशीच वही घेतली, पिंजारगल्लीतली एकोणीस घरे लिहिली, आणि कुणाला न विचारता दारोदार लिंब बांधत गेलो. शेवटच्या दाराशी मास्तर बाहेर आले. एकदा लिंबाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले.

"अप्पा, म्हैना कोनता?"

"भाद्रपद."

"देवी चैत-वैशाखात येत्यात," ते हळू म्हणाले. "पावसात कुटं येत्यात? लॉरीतले ते शहरातले हुते, फसले. हे शेतकरी हायत. ह्यांला म्हैनं कळत्यात."

मी डहाळे काढायला हात घातला. त्यांनी अडवले. म्हणाले, वेळ घालवू नको, बायापोरं तुझ्या घरी ने. मी दोन खेपा केल्या. मास्तरांची बायको, लेक, आणखी चौदा जणी-पोरे. चांदबी आली नाही, कारण तिची सासू अंथरुणाला खिळली होती आणि तिला उचलले की ओरडे. मास्तर त्या दोघींसाठी थांबले. तिसऱ्या खेपेला चौघांनी मिळून म्हातारीला बाजेसकट उचलायचे, असे मी ठरवले होते. तीन माणसे गोळा करून तेलाच्या घाण्यापर्यंत पोहोचलो तेव्हा गल्लीचे तोंड माणसांनी बंद झाले होते. बरोबरचे तिघे मागे फिरले. मी घाण्याच्या भिंतीशी उभा राहिलो. पुढे गेलो नाही. हे लिहिणे भाग आहे.

यापुढचे मी पाहिलेले नाही. चांदबीने दाराच्या फटीतून पाहिले आणि मला सांगितले.

आलेल्यांनी तोंडाला फडकी बांधली होती. एकाने पहिल्या दाराचा डहाळा ओढून काढला आणि हसत विचारले, भाद्रपदात देवी व्हय मास्तर? मास्तर ओट्यावरून खाली उतरले. त्यांनी त्याला नावाने हाक मारली. बापाचे नाव सांगितले, गाव सांगितले, कोणत्या मोसमात टोचले ते सांगितले, आणि पहिल्या वेळी उठली नव्हती म्हणून परत आलो होतो हेही. त्या माणसाने काठी खाली केली. मग दुसऱ्याला, तसेच. दुसरा दोन पावले मागे सरला. चांदबीला वाटले, आता हे जातील. मास्तर तिसऱ्याकडे वळले, त्याचेही नाव घेतले. तो बाकीच्यांना म्हणाला, "ह्यानं समद्यांला वळखलंय."

मला वाटत होते की ओळखीचे आहेत, म्हणून मास्तरांना काही करणार नाहीत.

एकोणीसपैकी अकरा घरे जळाली. चांदबीची सासू तीन दिवसांनी गेली. मास्तरांची आणि तिची माती एकाच आठवड्यात झाली. दारांवरचे डांबर मी कुदळीच्या पात्याने खरवडून काढले. पिंजारगल्लीतले, तेलगल्लीतले, सगळे. त्याला नऊ दिवस लागले. मास्तरांच्या वह्या त्यांच्या लेकीने मला दिल्या. बाविसाव्या वहीत तेलगल्लीची एकतीस घरे माझ्या अक्षरात आहेत, खाली त्यांची सही आहे, आणि पुढे प्रत्येक नावासमोर त्यांच्या हाताने आठव्या दिवशीचा शब्द.

चांदबी गुलबर्ग्याला भावाकडे निघाली त्या सकाळी बल्दियात आली. उभ्यानेच तिने तीन नावे सांगितली. "लिवून घ्या," ती म्हणाली. "तुमाला लिवता येतंय." मी लिहून घेतली. अंगठा देऊ का, असे तिने विचारले. मी म्हटले, नीट अर्ज तयार करतो, मग बोलावतो.

त्याला आता चौदा वर्षे होतील. राज्य बदलले, जिल्हा म्हैसूरकडे गेला, माझे रकाने उर्दूतून कानडीत आले. आता प्रत्येक सज्ञान माणसाला मत आहे आणि यादीत धर्माचा रकाना नाही. मी हेडक्लार्क आहे. त्या तिघांपैकी एक मेला. एक शेती करतो, बाजारात भेटला की नजर चुकवतो. तिसरा मागच्या निवडणुकीला आमच्याच वॉर्डातून उभा राहिला. त्याच्या सभेत त्याने भाद्रपदाची आठवण काढली, आपण गल्लीचे रक्षण केले असे सांगितले, आणि लोक उठून गेले नाहीत. तो निवडून आला. त्याचा उमेदवारी अर्ज मीच तपासला. सगळे रकाने भरलेले होते, परत करायला काही कारण नव्हते. मला तो अप्पा म्हणतो. गेल्या चैत्रात लस टोचणारे नवे पथक आले तेव्हा त्याने बाही वर करून सगळ्यांना दाखवले, म्हणाला, "हे दस्तगीर मास्तरचं टोचनं हाय, आता असं कुठं ऱ्हायलंय."

अर्जाचा मसुदा मी अनेकदा सुरू केला. पहिल्याच वाक्याशी अडतो. हल्ला करणाऱ्यांना घरे कशी कळली, हे कुणीही आधी विचारील. त्यामुळे ती यादी कुणी केली, आकडे कुणी काढले, त्या दिवशी घाण्याच्या भिंतीशी कोण उभे होते, ही तीन वाक्ये त्या तीन नावांच्या आधी लिहावी लागतात.

चांदबी हयात आहे. गुलबर्ग्यात तुरीच्या डाळीच्या एका गिरणीत निवडणीला जाते. पत्ता मी गेल्या वर्षी मिळवला. सकाळची मोटार पावणेआठला सुटते आणि दोन्ही कामे एका दिवसात होण्यासारखी आहेत : अर्ज तिला वाचून दाखवणे आणि अंगठा घेणे. अर्ज आधी लिहायला हवा. रोजनिशीच्या आजच्या पानावर अर्ज धरून सात कामे मांडली होती. सहा झाली.